पुठ्ठ्यातलं आंबखोरी

फाल्गुन शु. ४
आजही दिवसभर पुठ्ठेच कापले. कात्रीनं अंगठ्याला घट्टा पडला. हे शाळेत ड्रॉईंगमास्तर, पण अलीकडे यांचा हात थरथरतो. म्हणून कापायचं काम माझ्याकडे. बाहेर बोलायचं नाही, असा हुकूम.
सरकारी नकाशावर तपकिरी रेघा आहेत. एक रेघ म्हणजे एक उंची. रेघ पुठ्ठ्यावर उतरवायची, तशीच कापायची, एकावर एक डकवायचं. खालून डोंगर उठत येतो. भाऊसाहेब देशमुखांना सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं खोरं असं करून हवंय. इंजिनेरसाहेब पाहायला येणार. काम पसंत पडलं तर यांना बुलढाण्याच्या हायस्कुलात जागा. भा.सा.चा शब्द आहे.

फाल्गुन शु. ९
आज नदीचं वळण आलं आणि वळणावर आंबखोरी. माझं माहेर. दोन बोटांत मावतं.
यांनी वाटीत तुरीचे दाणे दिले. "घरं लाव." बाबाच्या घरासाठी चांगला टपोरा दाणा निवडला. वर देऊळ, खाली महारवाडा, सगळं आठवून लावलं. फार दिवसांनी हसले असेन. हे बघत होते. 

फाल्गुन व. २
पुठ्ठ्यांच्या पायऱ्या बुजवायला कागदाचा लगदा, त्यात वाटलेली मेथी. आई टोपल्या करायची तसाच. घरभर कडू वास. खोऱ्यात अगदी वरती भा.सा.ची संत्र्याची बाग. तिचा हिरवा रंग हे स्वतः देतात. त्याला मला हात लावू देत नाहीत.

फाल्गुन व. ८
वार्निस चढवलं. म्हटलं, एवढं कशाले?
"पाणी झिरपू नये."
"पुठ्ठ्यावर पाणी कशाचं?"
 दुपारी यांनी पत्र्याची पट्टी आणली आणि गावाच्या खालच्या खिंडीत आडवी बसवली. पट्टीची वरची कड माझ्या दाण्यांच्या वर. तेव्हा समजलं. तलाव बांधायचाय. खाली भा.सा.ची जमीन भिजणार, वर आंबखोरी बुडणार.
"तुमाले कवापासून ठाऊक?"
"पहिल्या दिवसापासून."
"मंग दाणे माह्या हातानं काऊन लावले?"
"तुह्या इतकं ते गाव कोणाले माहीत? घरं बरोबर बसली पाह्यजेत ना."
आणि जेवायला बसले. दोन वेळा वरण मागितलं.

फाल्गुन व. ९
सकाळी पट्टी काढून गावाच्या वरच्या खिंडीत धरली. तिथं बांध घातला तर गाव कोरडं राहतं, बाग तेवढी जाते. यांना दाखवलं.
"ते मी बी पाह्यलं. तोंडातून काढू नको."

चैत्र शु. ३
नमुना घेऊन भा.सा.च्या बंगल्यावर गेलो, पट्टी परत खालच्या खिंडीत. मी बायकांत, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं. आंबखोरीची माणसं निरोप धाडून बोलावली होती. साहेब खुर्चीवर. भा.सा.नी बाबाला पुढं घेतलं. "सखारामबुवा, तुम्ही गावचे वडील. शुभ काम तुमच्या हातानं होऊ द्या." हातात निळीच्या पाण्याचा लोटा दिला.
बाबाला कसलीतरी पूजा वाटली. वहाणा काढल्या, नमस्कार केला, सगळा लोटा नमुन्यातल्या खोऱ्यात ओतला. मग हसतच विचारलं, "याच्यात आपलं गाव कुठी आहे?"
भा.सा. म्हणाले, "होतं, बुवा. आताच बुडवलं तुम्ही."
सगळे हसले. साहेबाला कोणीतरी इंग्रजीत सांगितलं, तोही हसला. यांनी छडीनं निळं पाणी दाखवलं. बाबा उकिडवा बसला, पाण्यात बोट घालून तळाशी चाचपत राहिला. उठ म्हणेपर्यंत उठला नाही.


चैत्र शु. ५
नमुना घरी आणला. दाणे फुगून सुटले होते. साहेबाचा वरचा साहेब येणार, म्हणून पुन्हा लाव म्हणाले. मी नाही म्हटलं. यांनी हात उचलला. तेव्हा थरथरला नाही.
संध्याकाळी लावले. बाबाचा आधी.

चैत्र व. ६
नामदेव आला. माझा पाठचा भाऊ. ओसरीवर चढला नाही, उभ्यानंच बोलला.
"यंदा आखजीच्या सणाले माहेरी येऊ नको, बाई."
"काऊन?"
"गावात म्हणतात, सखारामच्या पोरीनं गाव कापलं. अन् भाऊसाहेबानं कागदात लिहून धाडलं, वडीलधाऱ्यानं आपखुशीनं पाणी सोडलं म्हणून. बाबा घराबाहेर निघत नाही."
वरच्या खिंडीचं सांगितलं त्याला. ऐकून घेतलं सगळं.
"हे त्या दिवशी काऊन नाही बोलली?"
"पडद्यामागं होती रे मी."
"तोंड तं होतं ना."
पाणी दिलं ते प्याला नाही.

वैशाख शु. १
उद्या वरच्या साहेबाच्या कॅम्पात तलावाची सुनावणी. कोणालाही बोलता येतं म्हणतात. यांना म्हटलं, मी येणार. पट्टी वरच्या खिंडीत लावून दाखवणार.
हे धोतराला निरी घालत होते, थांबले नाहीत. "ये. पण मंग या घरात वापस येऊ नको."
"मंग जाऊ कुठी?"
"माहेरी जा. पोहता येते ना?"
स्वतःच्याच बोलण्यावर किती वेळ हसत होते.

वैशाख शु. २
कॅम्पात, चिंचेखाली. शिसपेन्सिलीनं लिहितेय. गाडीत नमुन्याशेजारी चढून बसले, हे उतर म्हणाले, उतरले नाही. लोकांसमोर यांना ओढता येईना, म्हणून बसू दिलं.
यांना आत बोलावलं. यांचा आवाज इथवर येतो, मुलांना शिकवतात तसा. नमुना आतच आहे. पट्टी खालच्या खिंडीत.
आंबखोरीची माणसं पलीकडच्या सावलीत. रामराम कोणी केला नाही. बाबा आलाय. माझ्याकडं पाठ करून बसलाय.
चपराशाला म्हटलं, मलेही बोलायचं आहे, नाव लिहा. विचारतो, "कोणाची बाई?" यांचं नाव सांगितलं तर हे बाहेरूनच परतवतील. बाबाचं सांगायचं तर आधी बाबाला विचारावं लागेल. म्हटलं, नुसतं माझंच लिहा. तसं लिहिता येत नाही म्हणाला. पेन्सिल कानावर खोचून माझ्याकडं बघत उभा आहे.
उठून बाबाकडं जातेय.