जाईची हरतालिका

लक्ष्मी गेट, झाशी
१४ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांस, रश्मीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमची लाडकी भाची अजून मुठी आवळूनच हिंडते. काल डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली. शेजारच्या कमळाबाईंनी हळहळून चौकशी केली, तर म्हणाली, जीजी, सामनेवाली को देखिए! ह्यांच्या ई-रिक्षाची बॅटरी बसलीय, मी साड्यांना फॉल लावून घर ओढतेय, आणि हिचे ग्लोव्हज मैत्रिणीचे मागून आणलेले. शेवटी बजावलं, २७ तारखेला लखनौच्या स्पर्धेसाठी निवड झाली तर ठीक, नाहीतर बॉक्सिंग बंद. ३१ला ओरछा गेटचे पाहुणे तिला बघायला येताहेत. मुलीनं खेळ सोडावा, एवढीच त्यांची अट आहे.

एक बातमी मात्र गोड. दरवर्षी हरतालिकेला नाक मुरडणारी जाई यंदा आपणहून निर्जळी उपास करणार आहे. मला भरूनच आलं.

लोभ आहे तसा राहो, आणि पोरीला समजावणाऱ्या चार ओळीही येवोत.

आपली,
रश्मी


झाशी, २३ ऑगस्ट

ती. आत्या, सा. न.

समजावणारं पत्र मिळालं. मराठी चुकलं तर हसू नकोस. आणि आईला काही सांगू नकोस, तुला माझी कसम.

मी अठ्ठेचाळीस किलोत खेळते आणि सहाशे ग्रॅम जास्त भरतेय. २७ला सकाळी वजन, आदल्या दिवशी हरतालिका! एरवी जेवण सोडलं असतं तर आईने तोंडात पोळी कोंबली असती. आता उलट तीच खूश आहे. देवीला मी सगळं खरं सांगून टाकलंय. मला हारायची भीती नाही वाटत, ३१ तारखेची वाटते. रिंग सुटली तर मी काय करू, आत्या?

तुझा हात डोक्यावर राहू दे.

जाई


झाशी, २८ ऑगस्ट

ती. वन्सं यांस, शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं म्हणे! त्याबद्दल समक्ष भांडेन.

काल सकाळी उपास सोडायला डबा घेऊन मी स्टेडियमवर गेले. काट्यावर सत्तेचाळीस आठशे. कोच मॅडमनी विचारलं, पाणी कधी प्यायलीस? मीच कौतुकानं सांगितलं, निर्जळी उपास होता, चांगला नवरा मिळावा म्हणून. साऱ्या पोरी खो खो हसल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मॅडम तिच्यावर भडकल्या, पुन्हा पाण्याशिवाय राहिलीस तर खेळवणार नाही म्हणाल्या. मी तर त्याहून भडकले. डबा तिच्या हातात आदळला.

संध्याकाळी लढत झाली, हेही आले होते. तिला पहिला ठोसा बसला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले, वन्सं. दुसऱ्या फेरीत तिनं सामनेवालीला दोरांपर्यंत रेटलं आणि मी बाकावर उभी राहून ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. हे सांगतात.

जाई जिंकली. लखनौला जाणार.

घरी आल्यावर ओरछा गेटला मीच फोन केला. सांगितलं, येऊ नका, आमची मुलगी बॉक्सर आहे. हे सांगताना मान खाली जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, वन्सं, आवाज चांगला ठणठणीत निघाला.

मायेत उणं पडू देऊ नका.

आपली,
रश्मी