भरलेली वाटी

महादेवी,

तू घागरी घेऊन टँकरपाशी गेलीस, तवर मी नांदेडला व्यसनमुक्ती केंद्रात निघालो. सकाळी पूजेत हात लटलटला अन् इष्टलिंग तळहातावरून पडलं. तू पाहिलंस. क्रिस्टलच्या नशेनं चार दिसांपासून डोळ्याला डोळा न्हाई, दात हलून राहिलेत, कातडीखाली मुंग्या फिरतात. लिंग धुवायला तू प्यायचं पाणी काढलंस, तेव्हा मला उभ्या उभ्याच सपान पडलं. मांजरा धरण काठोकाठ भरलंय अन् मी पाण्यावर पाठ टेकून गाढ निजलोय.

लिंग गळ्यात हाय. परत आलो की दारातच माझ्या तळहातावर भरलेली वाटी ठेव. थेंब सांडला तर आत घेऊ नको. वाटीत वापरायचं पाणी घे, प्यायचं नको.

पंचाक्षरी