मधला दहा

रायपूर, मंगळवार संध्याकाळ

ह्यांना पक्षाघात होऊन चार महिने झाले, बोलताना अजून अडतात. आज आमच्या पोट्टीच्या गणिताच्या वहीत सरासरी काढायची होती: ४, ७, १०, १३, १६. बेरीज न करताच ह्यांनी दहावर बोट ठेवलं. मले वाटलं, अंदाजानं. मी बेरीज केली, पन्नास. भागिले पाच, दहाच!

"काहून?" मी विचारलं.

"अंतर... सारखं हाय. मधलाच."

तरी खात्री होईना. सोळा खोडून एकवीस लिहिले. बोट दहावर गेलं, थांबलं.

"आता नाही. बेरीज कर."

बेरीज पंचावन्न, सरासरी अकरा आली. मी कोणाची परीक्षा घेऊन राहिली होती? इतके दिवस त्यांचं प्रत्येक वाक्य मीच पुरं केलं. लाज वाटली.

जेवताना "पोळी..." म्हणून ते अडले. "दे" म्हणून मीच पुरं करणार होती, पण थांबली.

"पोळी नको. भात दे."