नाईक रामहरीचं वकीलपत्र

सोमवार, ५ मार्च १९७३

नवा पक्षकार आला आणि पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या कारकुनाची मानगूट धरली! शिवप्पानं त्याची टोपी खुर्चीवरून उचलून खिडकीत ठेवली, एवढाच काय तो गुन्हा. शिवप्पाच्या टाचा जमिनीवरून सुटल्या, डोळे बाहेर आले. मी ओरडलो तेव्हा सोडला. मग स्वतःच ताठ उभा. "माफी, साहेब. टोपीला कुणी हात लावला की डोकं फिरतं."

रामहरी. मोहोळजवळच्या खेड्यातला, लष्करात नाईक. एकाहत्तरच्या लढाईचं मेडल आहे. आरोप असा — रजेवर घरी आला आणि आठ वर्षांच्या पोरीला मारून तिचा हात मोडला. पोरीची आई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. फिर्याद दिली मामानं, नातेपुत्याच्या आबासाहेबानं. जामीन झालेला आहे.

बरोबर त्याची आई, दगडाबाई. दुष्काळी कामावर खडी फोडते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मुलगा गप्प, बोलली तीच. "उंबराच्या झाडावरनं पडली हो पोरगी. मामाला पोर पायजे, म्हनून समदं कुभांड रचलंय त्यानं."

पोरीचं नाव सोना. डावा हात प्लॅस्टरमध्ये. आजीच्या पदराआडून बाहेर यायला तयार नाही.

शिक्षा झाली तर रामहरीची नोकरी जाईल आणि पोर मामाकडं जाईल. सुटला तर पोर त्याची. वकीलपत्र घेतलं.

गुरुवार, ८ मार्च

काशम्मानं जेवताना विचारलं, "खरंच पडली का हो ती?" म्हटलं, वकिलाच्या बायकोनं असले प्रश्न विचारू नयेत. तिनं मला आमटी वाढली नाही. स्वतःच वाढून घेतली.

मंगळवार, २० मार्च

रामहरीला म्हटलं, तुमच्या पलटणीच्या साहेबांनी मागितलं तर हा खटला लष्कराकडं जाऊ शकतो. तिथं मेडलला मान आहे. मी पत्र लिहू का? तो लगेच म्हणाला, "नको साहेब. कर्नलसाहेबापुढं खोटं बोलता येत न्हाई मला."

म्हणजे इथं येतं! मला हसू आलं. शिवप्पा हसला नाही. तो हल्ली गळपट्टा बांधून येतो, एवढ्या उन्हाळ्यात. चार बोटांचे डाग अजून गेले नाहीत म्हणे.

मग चहा मागवला. चहात खारी बुडवून खाता खाता रामहरीनं लढाईतली हकीकत सांगितली. खंदकात समोर एक पोरगाच होता, मिसरूड फुटलेला. संगीन खुपसली ती बरगडीत अडकली. छातीवर पाय ठेवून उपसावी लागली. तो पोरगा तिला दोन्ही हातांनी धरून बसला होता, बोटं कापली तरी सोडीना. हे सगळं असं सांगितलं, जणू एस.टी. कशी चुकली ते सांगतोय. खारी संपली तेव्हा दुसरी मागितली.

विचारलं, झोप लागते का? "लागती की. पोरीनं भांडं पाडलं तर जाग येती."

मग?

"मग काय, साहेब. शिस्त लावाय लागती."

मी ते वाक्य टिपणात घेतलं नाही. मेडलचं तेवढं घेतलं.

शुक्रवार, ३० मार्च

तारीख होती. कोर्टाच्या आवारात मारामारी. आबासाहेब त्याला म्हणाला, "माझ्या बहिणीलाबी असाच मारत होतास की रं." रामहरीनं आबासाहेबाचे दोन्ही कान धरले आणि आपलं कपाळ त्याच्या तोंडावर हाणलं. नारळ फोडावा तसा आवाज. दोन दात धुळीत. मी मध्ये घुसलो, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त. रामहरीच्या कपाळात एका दाताची खूण, त्याला त्याचं भानही नाही.

आबासाहेबानं नवी फिर्याद दिली नाही. पहिलीच निभेना, दुसरी कुठं देऊ, म्हणाला. रुमालात दात बांधून घेतले. मग मला म्हणाला, "वकीलसायेब, तुमच्या घरात लेकरू हाय का न्हाय?"

नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, नाही. त्याला काय माहीत असणार? तरी फार लागलं मला.

सोमवार, ९ एप्रिल

सोनाची तालीम घेतली. कुठून पडलीस? "उंबरावरनं." बापानं मारलं का? "न्हाय." आई कुठं आहे? "देवाकडं." पाठांतर चोख. म्हातारीनं घोटून घेतलंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग सरकारी वकील विचारतील तसं एक आडवं विचारलं — उंबराला फळं होती का गं तेव्हा? ती गडबडली, आजीकडं बघायला लागली. म्हातारीनं तिच्या दंडाला चिमटा घेतला, दुखऱ्याच हाताच्या. पोरीच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. उलट पाय जुळवून उभी राहिली. रडणारं पोर मला समजतं. हे काही समजलं नाही.

दगडाबाईला बाजूला घेऊन विचारलं, खरं काय ते मला सांगा, माझ्यापाशीच राहील. ती चिंध्यांची बोटं चोळत म्हणाली, "येकडाव मारलं आसंल. बापच हाय. हात मोडंल, ह्ये त्याला तरी काय ठावं? मी उजाडायला खडीवर जाते, दिवस बुडताना येते."

येकडाव. ठीक. मीही लहानपणी वडिलांच्या हातचा मार खाल्लाच की.

रामहरीला सांगितलं, साक्षीच्या दिवशी वर्दीत या, मेडल लावून. वर्दी बघितली की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. ही माझीच युक्ती.

मंगळवार, १७ एप्रिल



सकाळी डॉक्टरची साक्ष झाली. "झाडावरून पडूनही हाड असं मोडू शकतं" — हे वाक्य मी त्याच्याकडून वदवून घेतलं. दाखल्यात पोरीच्या पाठीवरच्या वळांचीही नोंद होती, त्यांचं विचारलं तर म्हणाला, जुने आहेत, कधीचे ते सांगता येत नाही. मी खाली बसलो ते मिशीत हसत.

मग सोना. प्लॅस्टर निघालंय, हात काडीसारखा झालाय. शिपायानं तिला स्टुलावर उभं केलं. उंबर. पडले. न्हाय. सगळं बरोबर बोलली. मॅजिस्ट्रेटसाहेब प्रेमळ माणूस. त्यांना वाटलं, पोरीला एकदा समोरासमोर विचारावं. म्हणाले, "आरोपी, इकडं पुढं या. बाळ, यांची भीती वाटते का तुला?"

रामहरी टेबलासमोर आला, टाच आपटली. आणि मग — लष्करात आरोपीला साहेबापुढं उभं करतात ते टोपी आणि पट्टा उतरवून. एवढी वर्षं अंगात मुरलेलं. त्यानं टोपी काढली. कमरेचा पट्टा सोडला. घ्यायला कुणी पुढं येईना, इथं कुणाला माहीत आहे ती रीत? पट्टा तसाच त्याच्या हातात लोंबत राहिला.

सोना स्टुलावरून उतरली. कुणी काही सांगितलं नव्हतं. भिंतीपाशी गेली. तोंड भिंतीकडं केलं, दोन्ही तळवे भिंतीला टेकले. काडीसारखा हात वर जाईना, तो धडक्या हातानं उचलून टेकवला. आणि मोजायला लागली.

"येक." अंग दचकलं. "दोन." पुन्हा दचकलं.

पट्टा जागचा हललाही नव्हता! प्रत्येक आकड्याला ती पाठ आक्रसत होती. मध्ये थांबायची तेही ठरल्यासारखं, जेवढा वेळ हात उगारायला लागतो तेवढंच. अकरापर्यंत गेली. मग शिपायाची बायको तिथं झाडायला होती, तिनं जाऊन तिला पोटाशी धरलं.

रामहरी हातातल्या पट्ट्याकडं बघत होता, आपल्या हातात हे कुणी दिलं असं.

मॅजिस्ट्रेटांनी पेन उचललं. "वकीलसाहेब, हे काय होतं?"

तोंड सवयीनं चाललं. "साहेब, साक्षीदार लहान आहे. गर्दीला बुजली, गोंधळली. शपथेवर जे बोलली तेवढंच नोंदीत यावं." सरकारी वकील पुढच्या खटल्याचे कागद चाळत होते. मॅजिस्ट्रेटांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, नंतर माझ्याकडं. मग लिहिलं — साक्षीदार गोंधळली. माझाच शब्द.

बाहेर पायरीवर दगडाबाई बसली होती. मला म्हणाली, "वकीलसायेब, ती मोजती कशापायी?"

तिला ते माझ्याहून आधी कळलं होतं. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून विचारत होती.

बुधवार, १८ एप्रिल

काशम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी भाजत होती, तव्याकडं बघायचं विसरली. "कूसु री अदु," म्हणाली — लेकरू हो ते. तिच्या तोंडून हा शब्द कितीतरी वर्षांनी ऐकला. जळकी भाकरी दोघांनी खाल्ली.

वकीलपत्र सोडावं का? दिवसभर तेच डोक्यात. सोडत नाही. कारण खटला जिंकत आलोय. बाकी कारणं मी उद्या तयार करीन.

शुक्रवार, २७ एप्रिल

चाळीस मिनिटं बोललो. पोर स्वतः म्हणते पडले. डॉक्टर म्हणतो पडूनही होतं. मामाला पोर हवी आहे. ज्यानं देशासाठी छाती पुढं केली त्याला खोट्या फिर्यादीवरून तुरुंगात धाडायचं का? बाररूममध्ये दोघांनी पाठ थोपटली.

घरी येऊन ओकलो. काशम्मा म्हणाली, ऊन लागलं. हो म्हटलं.

शनिवार, ५ मे

निर्दोष. संशयाचा फायदा.

रामहरीनं मला सलाम ठोकला, पेढ्यांचा पुडा पुढं केला. म्हणाला, "पलटणीत क्वार्टर मिळालंय, साहेब. पोरीला घेऊन जातो. गुरुवारची गाडी." दगडाबाईनं मला विचारलं, "लई लांब हाय का वो ते?" म्हटलं, दोन दिवस लागतात गाडीला. "तितं शेजारपाजार?" मला काय माहीत. मग ती मुलाला म्हणाली, "पोरीला हितंच ऱ्हाऊ दे की माझ्यापाशी. मी खडीवर जायाची न्हाय."

त्यानं आईच्या थोबाडीत मारली. कोर्टाच्या पायरीवर, माझ्यासमोर. म्हातारी कठड्यावर आपटली, ओठ फाटला. त्याच्या दुसऱ्या हातात पेढे तसेच. सोना चटकन भिंतीकडं वळली.

मी काय केलं? छत्री उचलली आणि निघालो. निकाल लागला की वकिलाचं काम संपतं, असं रस्त्यानं स्वतःशीच म्हणत होतो. मोठ्यानं म्हणत असणार, कारण एक सायकलवाला वळून बघत होता.

मंगळवार, ८ मे

आबासाहेब येऊन गेला. अपील होतं का, विचारत होता. ते सरकारनं करायचं असतं, त्याला वेळ लागतो, म्हटलं. गुरुवारच्या आत होईल का, म्हणाला.

बुधवार, ९ मे

दुपारी दगडाबाई आली, सोनाला कडेवर घेऊन, मोहोळहून एस.टी.नं. लुगडं कमरेपासून खाली लाल. रामहरी जेवून आडवा झाला होता. तिनं त्याच्या डोक्यात वरवंटा घातला. चार वेळा. पहिल्यात तो "आई" म्हणाला, म्हणते.

काशम्मानं पोरीला आत नेलं. मी ठाण्यावर जायला कोट चढवला आणि सवयीनं कोरं वकीलपत्र काढून म्हातारीपुढं धरलं, अंगठ्यासाठी. तिनं ते हातानं बाजूला सारलं.

"पोरीला मामाकडं पोचवा," म्हणाली. "मला सोडवू नका."