हिरड्याच्या रानाची पिशवी

अहो,

चाकणला बुवांचं कीर्तन आहे, मुक्काम वन्संकडेच करीन. तुम्ही पहाटे हिरड्याच्या रानात निघाल, म्हणून पिशवी भरून खुंटीला लावली आहे.

आगपेटी मेणकापडात गुंडाळली आहे. दोरी आहे, हळदीची पुडी आहे, वाट चुकलीच तर दोन दिवस निघतील एवढे फुटाणे नि गूळ आहे. आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्या आहेत. गेल्या साली रानात तुमच्या पायाला कोयता लागला, तेव्हा मंजुळाबाईनं पदर फाडून बांधला. "बाई किती धीराची!" हे तुम्ही साऱ्या आळीला सांगितलंत, मला तर दहादा. ती चिंधी वर्षभर तुमच्या पेटीत होती.

होती म्हणते, कारण आज धुऊन, घडी घालून तिची तिला देऊन आले.

मत्सर म्हणजे घरात पाळलेला विंचू, असं बुवा सांगतात. पटतं हो, म्हणून तर पुन्हा ऐकायला जाते.

याही साली ती तुमच्याबरोबर आहे, म्हणून एक पट्टी जास्त घातली आहे. तिला काही लागलं तर द्या. बांधायची मात्र तिची ती बांधेल.