ठीक हाय साहेब

आबा, सर्जनने ऑपरेशनला नाही म्हटलं की पेशंट तुमच्या या लेकीकडे पाठवतात. सांगलीच्या या हॉस्पिटलात फिजिओथेरपीची खोली जिन्याखाली आहे. आज कवठे महांकाळहून एक बाई आल्या. कंबर कित्येक वर्षं दुखतेय. डॉक्टरकडे जायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून आल्या होत्या. त्यांना ऑपरेशनला नाही म्हणून झाल्यावर सर्जन नर्सला म्हणाले, “नटायला जमतं, मग दुखतं कुठे?” बाई दारातच होत्या, मी त्यांना न्यायला आले होते. मला किळस आली. जुनीच किळस, तुमची कंबर दाखवायला तुमच्याबरोबर साताऱ्याला आले होते त्या दिवसाची.

त्या दिवशी तुम्ही बूट पॉलिश केले होते, दाढी केली होती. उंब्रजला एसटीची पायरी चढताना तुमचा चेहरा पांढराफटक पडला. मी हात पुढे केला, तो तुम्ही घेतला नाहीत. आणि तपासणीच्या खोलीत तुम्ही सावधानमध्ये उभे. काय त्रास होतो, असं डॉक्टर विचारतात. तुम्ही म्हणता, “ठीक हाय साहेब. जरा कंबर धरती.” जरा! रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपणारा माणूस. डॉक्टर हसले. “फौजी ना? किती ताठ उभे आहात. ऑपरेशनचं काही काम नाही. दुखण्याचा विचार करू नका, जा घरी.”

ऑपरेशन न करणं बरोबरच होतं. मणक्यातली गादी थोडी सरकली होती, नस मोकळी होती. कापून दुखणं गेलंच असतं असं मी आज शिकूनही म्हणणार नाही. पण ऑपरेशन नको याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, एवढं वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. गावात मग एकच अर्थ झाला. ट्रॉलीत ऊस भरताना काका सगळ्यांदेखत म्हणाले, “आवं दादा, डाक्टरच न्हाई म्हनला न्हवं? मग उचला की मोळी. पेन्शनीवर बसून खायची सवय लागलीया तुमास्नी.” माणसं हसली. तुम्हीही हसलात आणि मोळी उचललीत. पुढे कमरेबद्दल शब्द काढला नाहीत. हृदय बंद पडून गेलात तेव्हा लोक म्हणाले, काय धडधाकट माणूस होता.

आजच्या बाईंना मी ते वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, “ह्ये आमच्या मालकास्नी फोन करून तुमीच सांगा, म्याडम. माझं न्हाई पटायचं.” मी सांगितलं. पलीकडून फक्त “बरं” आलं. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. गेले काही महिने माझीही कंबर दुखते. परवा आमच्या याच सर्जनना दाखवायला गेले. आत जाण्याआधी केस नीट केले, एप्रनची कॉलर सरळ केली. त्यांनी विचारलं, कसं काय?

मी म्हणाले, “ठीक आहे सर.”