एका स्टार्टपुरती बॅटरी

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. फक्त बॅटरीबद्दल. बाकी घरात लिहिण्यासारखं काही घडत नाही.

परिस्थिती अशी: गाडी बाबांची, फिकट हिरवी, शेडमध्ये उभी. बॅटरी मेलेली. ही तिच्या बहिणीकडे राहायला गेली आहे. तात्पुरती. जाताना दारात म्हणाली की, ती गाडी एकदाची चालू झाली की कळवा मला. तेव्हा राग आला होता. आता शांत डोक्याने विचार केला तर वाक्य अगदी सरळ आहे. गाडी चालू झाली की कळवायचं, कळवलं की ती येणार. बायकोचं बोलणं नीट समजून घेणारे नवरे फार कमी असतात.

निश्चय: नवी बॅटरी आणायची. मग गाडी घेऊनच हिला आणायला जायचं.

दुपारी मेहुणीचा फोन. हिचे लोकरीचे कपडे कुठल्या ट्रंकेत आहेत, असं विचारत होती. बाहेर ऊन मी म्हणतंय. पण हिला थंडी लवकर बाधते.

५ मार्च
बॅटरी आणली. बॅटरीवाल्याने दुकानात बजावून सांगितलं की लाल वायर प्लसला, काळी मायनसला, मायनस बॉडीला, डोळे झाकून लावा. हे मला सांगायची गरज नव्हती.

जुनी बॅटरी काढायला अख्खी दुपार गेली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, दगडासारखा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलं. सोड्याचा डबा संपला. ॲसिडने पँटला भोकं पडली. नवी पँट होती. जुनी सापडली नाही, ती कुठे असते ते हिला माहीत.

शेडमध्ये अंधार, म्हणून टॉर्च दातात धरून काम केलं. पूर्वी टॉर्च ही धरायची. तिच्या धरण्यात काही खास नव्हतं, मधूनच हात भरून आला म्हणायची. दातात टॉर्च जास्त स्थिर राहतो. फक्त लाळ गळते.

६ मार्च, दुपार
चालू झाली! पहिल्या झटक्यात!

आणखी एक चमत्कार. दिवे लावले की अँपमीटरचा काटा उतरायला हवा. माझा काटा चढला. म्हणजे दिवे लावून बॅटरी चार्ज होते आहे. कसं, ते माहीत नाही, पण माझ्या हाताला यश आहे. थोडा जळका वास आला. नव्या वस्तूंना वास असतोच.

लगेच हिला फोन केला. गाडी चालू झाल्याचं कळवलं, अट पूर्ण. तिने विचारलं की दिवे लावल्यावर काटा कुठे जातो. मी अभिमानाने सांगितलं. तर म्हणाली की या जुन्या गाडीत प्लस बॉडीला असतो, तुम्ही उलटी लावली आहे, आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर डायनॅमो जाईल. आणि फोन ठेवला.

हिला कसं माहीत? बाबा आणि मी बोनेटखाली असायचो तेव्हा ती टॉर्च धरून शेजारी उभी असायची. ऐकत असणार.

मला भरून आलं. जिला नवऱ्याशी काही देणंघेणं नाही ती काट्याची चौकशी करत नाही.

८ मार्च
बॅटरी सुलटी लावली. काटा आता नियमाप्रमाणे उतरतो. पण चढायचं नाव घेत नाही. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डायनॅमो गेला असावा. गेला म्हणजे थकला.

साडूभाऊ लोकरीच्या कपड्यांची ट्रंक न्यायला आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले की इलेक्ट्रिशियनला दाखवा. मी म्हटलं, गरज नाही, घरी चार्जर आहे. मग ते जाता जाता म्हणाले की गाडीचं राहू दे, एकदा येऊन तिच्याशी बसून बोला. माणूस चांगला आहे, पण कामाचा क्रम त्याला कळत नाही. आधी गाडी, मग बोलणं.

ट्रंकेबरोबर त्यांनी हिचं शिलाई मशीनही नेलं. बहिणीकडे वेळ जात नसेल बिचारीचा.

११ मार्च
बॅटरीची देखभाल हे शास्त्र आहे. लोक बॅटरी आणतात, बसवतात आणि विसरून जातात. मग ती एक दिवस दगा देते आणि हे लोक तिलाच नावं ठेवतात. रोज थोडं लक्ष दिलं तर काहीही बिघडत नाही. हे मी साडूभाऊंना फोन करून सांगितलं.

माझा दिनक्रम: सकाळी उठल्यावर झाकणं उघडून पाणी बघायचं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. टर्मिनल पुसून व्हॅसलीन. (हिची बरणी. ती नेली नाही, म्हणजे परत येणार.) मग चार्जिंग. प्लग जेवणाच्या टेबलाजवळच आहे, म्हणून बॅटरी टेबलावर ठेवतो, हिच्या बाजूला. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, गॅस होतो.

चार्ज होताना बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो. आवाज बरा वाटतो. आज भाजी खारट झाली तेव्हा मी तसं मोठ्याने बोललो. बॅटरीशी नव्हे. सहज.

१२ मार्च
टेबलक्लॉथला ॲसिडची भोकं. हिने भरतकाम केलेला. घडी अशी घातली की भोकं आत जातात. येईल तेव्हा बघू.

१४ मार्च
हिचा फोन. आपणहून.

गाडीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली की बहिणीच्या घराजवळ एक खोली बघते आहे, पण ठरवण्याआधी एकदा समोरासमोर बसून बोलायचं आहे. रविवारी चहाला या. बसने आलात तरी चालेल. मी म्हटलं, बसने कशाला, गाडीच घेऊन येतो. ती म्हणाली की कशानेही या, पण या आणि बसा. इतक्या वर्षांत तिने माझी पाठच जास्त पाहिली, बोनेटखाली वाकलेली. आमचं एकत्र राहणं आठवायला गेली की पाठच आठवते म्हणाली.

मी म्हटलं, आता गाडी चालू झाली, आता पाठ सरळ होईल. ती हसली नाही. लाइन खराब होती.

खोली बघते आहे हे फार मनावर घ्यायचं नाही. खोल्या बघणं वेगळं, घेणं वेगळं. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभा राहिलो. जेवलो नाही.

१५ मार्च
गाडी धुतली. पॉलिश केली. हिच्या सीटवर घरातली उशी ठेवली, तिला कंबरेला आधार लागतो. डिकी रिकामी केली, ट्रंक आणि मशीन परत आणायचं आहे.

हिशेब: डायनॅमो चार्ज करत नाही, तेव्हा बॅटरीत जे आहे तेवढंच. एक स्टार्ट नक्की. दुसऱ्याची खात्री नाही. तोडगा सोपा आहे: एकदा चालू केली की घरी परत येईपर्यंत बंद करायची नाही. चुकायला जागाच नाही.

१६ मार्च, सकाळ
पहिल्या झटक्यात चालू. भर उन्हात दोन्ही हेडलाइट लावले आहेत, शोभा येते. बायकोला आणायला निघालेला माणूस दिसला पाहिजे. हे इंजिन चालू ठेवून लिहितो आहे. निघालो.

१६ मार्च, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर गैरसमज नको.

पोचलो तेव्हा ही फाटकात उभी होती. केस धुतलेले होते. निळी साडी. म्हणाली की गाडी बंद करा आणि आत या, चहा टाकलाय. मी समजावून सांगितलं की बंद केली तर परत चालू होणार नाही. ती म्हणाली की नाही झाली तर नाही झाली. हे बोलणं अव्यवहारी होतं. मी म्हटलं, तूच बस ना गाडीत, उशी ठेवली आहे, घरी जाता जाता बोलू. ती म्हणाली की ती आज घरी यायचं म्हणून उभी नाही, बोलायचं म्हणून उभी आहे. पाच मिनिटं बसा.

मी म्हटलं, इथूनच बोल, ऐकू येतंय. खरं म्हणजे इंजिनपुढे नीट ऐकू येत नव्हतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गचके खात होती, म्हणून पाय काढताही येत नव्हता. तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की चहा निवेल. आत गेली. दार उघडं ठेवलं.

मी थांबलो. ती बाहेर येईल असं वाटत होतं. दारातून टेबलाची कड दिसत होती, त्यावर दोन कप. एकदा मेहुणी डोकावून गेली. मी हात केला. ती आत गेली. दार तसंच उघडं.

मग हेडलाइट पिवळे पडले. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. एकदम शांत झालं सगळं. बॅटरी रोज बघितली होती मी, पाणी, टर्मिनल, सगळं. हेडलाइट विसरलो.

मग आत गेलो. ही टेबलाशी बसली होती. म्हणाली, बंद पडली का. मी म्हटलं, हो. म्हणाली की म्हणजे चालू राहिली असती तर तुम्ही आत आला नसतात ना. विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणाली की राहू दे. चहावर साय धरली होती. मी प्यायलो. खोली तिने घेतली, एक तारखेपासून. मी म्हटलं, तोवर डायनॅमो दुरुस्त होईल. यावर मेहुणी उठून आत गेली.

निघताना हीच म्हणाली की आधी दिवे बंद करा, बॅटरी जरा सावरेल, सेकंड गियरमध्ये टाका, धक्क्यावर चालू होईल. साडूभाऊंनी धक्का मारला आणि हिनेही. दोन्ही हातांनी, कंबर दुखत असताना. आरशात बघितलं मी, तोंड लाल झालं होतं तिचं. माया असल्याशिवाय कोण एवढं करतं. गाडी चालू झाली. थांबून काही बोलता आलं नाही, थांबलो असतो तर बंद पडली असती. पण आरशात दिसलं, हिने हात हलवला. म्हणजे सगळं संपलेलं नाही.

१७ मार्च
गाडी वळणापुढे बंद पडली होती. हे काल लिहिलं नाही. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. परत जाऊन धक्का मागितला नाही. टायरवाल्याच्या दुकानासमोर लावली आणि बसने आलो. उशी हातात होती.

बॅटरी तिथेच आहे. आज टेबल रिकामं आहे. चहा केला, दोन कप झाला, एक ओतून दिला. घर फार शांत आहे. सकाळपासून रडू येतंय, ते मधूनच येतं आणि थांबतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच माहीत होतं. आत आलो नसतो.

आणि काल लिहिलं की तिने हात हलवला. मी सबंध वेळ आरशातच बघत होतो, मला नीट दिसलं होतं. धक्का मारून हाताला गाडीची धूळ लागली होती. ती झाडत होती. मी वळणावर पोचायच्या आधीच फाटक लावून आत गेली.